लसीनंतर ट्रोपोनिन वाढलं, पस्तिसात एक : बासेलच्या अभ्यासात नेमकं काय सापडलं होतं?

राइनकाठ (धागाकर्ता), सोमवार रात्री ९:४०

परवा सांगलीहून मावशीचा फोन आला. वय ६३. आवाजावरूनच कळलं काहीतरी बिनसलंय. म्हणाली, "तुझ्याच गावचं आहे रे हे, बासेल म्हणून लिहिलंय, लस घेतलेल्या दर पस्तीस माणसांत एकाच्या हृदयाला इजा झालीये म्हणे, आणि आम्ही तर दोन्ही डोस घेतलेत." सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरत होता आणि तिने कुठल्याशा लॅबचं चार हजारांचं हार्ट पॅकेज घ्यायचं ठरवून पण टाकलं होतं.

मी गेली ११ वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बासेलला आहे, औषधांच्या क्षेत्रात काम करतो, डॉक्टर नाही, आकडेवारीवाला. मूळ पेपर तेव्हाच वाचला होता, परवा परत काढून बसलो. मेसेज खोटा नाहीये, आणि म्हणूनच धागा काढतोय. खोटा असता तर "फेक आहे, डिलीट कर" म्हणून मोकळा झालो असतो.

तर झालं असं, की २०२१ च्या डिसेंबरपासून पुढचे दोनेक महिने इथल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना मॉडर्नाचा बूस्टर दिला जात होता, त्यातल्या ७७७ जणांचं तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं, छातीत दुखतंय का वगैरे न बघता, सरसकट. मधलं वय ३७, जवळजवळ ७० टक्के बायका. मोजलं काय तर हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन, स्नायू आकुंचन पावतो त्या यंत्रणेचाच एक भाग, पेशीला इजा झाली की ते रक्तात झिरपतं. हार्ट अटॅक आहे की नाही हे ठरवायला हीच टेस्ट करतात.

७७७ पैकी ४० जणांचं मर्यादेच्या वर आलं. त्यातल्या १८ जणांमध्ये वाढीला दुसरं कारण दिसत होतं म्हणून ते बाजूला काढले. उरले २२. बावीस भागिले सातशे सत्त्याहत्तर, म्हणजे २.८ टक्के, म्हणजे पस्तिसात एक. मेसेजमधला आकडा इथून आलाय. या २२ मध्ये २० बायका आणि २ पुरुष. वाढ थोडी होती, टिकणारी नव्हती, ईसीजीत कुणाच्या बदल नाही, पुढच्या ३० दिवसांत हार्ट अटॅक, हार्ट फेल्युअर, असं गंभीर काही कुणालाच झालं नाही. पेपर २०२३ मध्ये युरोपियन जर्नल ऑफ हार्ट फेल्युअरमध्ये आला, प्रमुख ख्रिश्चन म्युलर, हा माणूस ट्रोपोनिनवर आयुष्यभर काम करणारा आहे, कुणी लसविरोधी वगैरे नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण मेसेज आला की आधी माणसाच्या हेतूवर शंका घ्यायची आपल्याला सवय लागलीये.

मेसेजमध्ये जे नाहीये ते तीन शब्दांत आहे : बूस्टर, मॉडर्ना, तिसरा दिवस. मावशीने घेतली होती कोविशील्ड. ती मॉडर्ना-फायझरसारखी एमआरएनए लस (पेशीला विषाणूचं एक प्रोटीन बनवायचा निरोप देणारी) नाहीच, त्यात चिंपांझीच्या ॲडेनोव्हायरसचा वाहक आहे. कोव्हॅक्सिन तर मेलेल्या विषाणूची. फायझरने भारतातला अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला आणि मॉडर्नाला त्या जूनमध्ये परवानगी मिळून सुद्धा ती आपल्या लसीकरण केंद्रांवर आलीच नाही. म्हणजे सांगलीत, साताऱ्यात, नांदेडात रांगेत उभं राहून ज्यांनी लस घेतली त्यांच्याबद्दल हा अभ्यास काही सांगतच नाही.

पण इथे बरेच जण बाहेर राहणारे आहेत, आपली पोरं बाहेर आहेत, त्यांच्याबद्दल मात्र सांगतो. म्हणून बोलूया.

प्रश्नचिन्ह, सोमवार रात्री १०:१५

चांगला धागा. पण "वाढ थोडी होती" हे जरा लवकर म्हणालात. ज्या टेस्टने आपण हार्ट अटॅक ओळखतो ती टेस्ट धडधाकट नर्सच्या रक्तात पॉझिटिव्ह येतेय आणि आपण म्हणायचं किरकोळ आहे? त्या २२ जणांचा एमआरआय केला का? ३० दिवस म्हणजे किती हो? स्नायूवर व्रण राहिला तर तो ३० दिवसांत बोलत नाही, दहा वर्षांनी बोलतो. मी न्यू जर्सीत असतो, मला तीन डोस झालेत, तिसरा मॉडर्नाचाच, नोकरीसाठी घ्यावा लागला. तेव्हा विचारलं तर सांगितलं, दंड दुखेल, ताप येईल, बस. हे कुणी सांगितलं नव्हतं.

राइनकाठ, सोमवार रात्री १०:३२

@प्रश्नचिन्ह, एमआरआय नव्हता केला. मुद्दा बरोबर आहे. अजून एक उणीव मीच सांगतो, लस घ्यायच्या आधीचं ट्रोपोनिन मोजलेलं नव्हतं. त्यामुळे एखाद्याचं आधीपासूनच थोडं वर असेल तर ते कळायला अप्रत्यक्ष मार्ग वापरावा लागला, म्हणजे पुन्हा रक्त घेऊन खाली येतंय का बघायचं. खाली आलं तर नवी वाढ, तसंच राहिलं तर जुनी. तुलनेसाठी लस न घेतलेला वय-लिंग जुळवलेला गट घेतला होता आणि त्याच्यापेक्षा लसवाल्या गटाची एकूण पातळीच किंचित वर होती, हे मला पस्तिसात एकपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

लॅबवाली_नाशिक, सोमवार रात्री ११:०५

मी बायोकेमिस्ट्रीत २२ वर्षं काढली आहेत, त्यामुळे मला या धाग्यात शिरल्याशिवाय राहवत नाहीये.

पहिली गोष्ट, मर्यादा कुठली धरली ते बघा. बहुतेक रिपोर्टवर ट्रोपोनिन टीची मर्यादा १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर छापलेली असते, बाई असो की बुवा. बासेलवाल्यांनी वेगवेगळी धरली, बायकांना ८.९ आणि पुरुषांना १५.५. हे बरोबरच आहे, बायकांच्या हृदयाचा स्नायू मुळात कमी वजनाचा, पातळी खालीच असते. पण याचा अर्थ असा, की ज्या बाईचं १२ आलं ती बासेलला वाढलेल्यात धरली गेली आणि आमच्याकडे तिला नॉर्मल म्हणून घरी पाठवलं असतं. २२ मध्ये २० बायका दिसण्याला हे एक कारण असू शकतं आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर एरवी बायकांचं किती सुटून जात असेल हाही विचार येतो मनात.

दुसरी गोष्ट, युनिट. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक गृहस्थ, पन्नाशीचे, काउंटरवर दोन रिपोर्ट घेऊन आले, हात अक्षरशः थरथरत होते. एका रिपोर्टवर ०.०१२, दुसऱ्यावर, चार दिवसांनी, वेगळ्या लॅबचा, १३. म्हणाले मॅडम हजारपट वाढलंय, मी गाडी चालवत आलोय, रस्त्यातच काही झालं असतं तर? मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेनाने युनिटखाली रेघ मारली. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये, दुसरा प्रति लिटरमध्ये. ०.०१२ म्हणजेच १२. चार दिवसांत बाराचं तेरा झालेलं, तेवढा फरक तर मशीन एकाच सॅम्पलला दोनदा लावलं तरी येतो. ते गृहस्थ बाकावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. त्यांचं पॅकेज कशासाठी केलं होतं, तर असाच एक मेसेज वाचून.

तिसरी, एकाच आकड्यावर ट्रोपोनिन कधी वाचायचंच नसतं. कॅज्युअल्टीतून सॅम्पल आलं की तासाभराने किंवा तीन तासांनी दुसरं येतं आणि चढतंय की उतरतंय की जागेवर आहे त्यावरून डॉक्टर ठरवतात. किडनीच्या पेशंटचं कायम वर असतं. ट्रोपोनिन टी सकाळी जरा जास्त, संध्याकाळी कमी. आणि केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणारे लोक, प्लीज सॅम्पल देताना सांगत चला, काही किटमध्ये त्याने आकडा खोटाच खाली येतो.

सकाळची_धाव, मंगळवार सकाळी ६:२०

वाचतोय. माझा अनुभव, मुंबई मॅरेथॉन, पूर्ण ४२ किमी, शेवटी चक्कर आली म्हणून मेडिकलवाल्यांनी हॉस्पिटलात नेलं. ट्रोपोनिन ४६. बायको रडायला लागली. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल, दुसऱ्या दिवशी २१, तिसऱ्या दिवशी ९. डॉक्टर म्हणाले लांब पळणाऱ्यांमध्ये हे नेहमी दिसतं, मॅरेथॉन संपवणाऱ्या बहुतेकांचं मोजलं तर वर येईल. मग लसीनंतर तेवढंच वाढलं तर त्याचा एवढा गाजावाजा का?

प्रश्नचिन्ह, मंगळवार सकाळी ७:५०

@सकाळची_धाव, कारण मॅरेथॉन तुम्ही स्वतःहून निवडली. आणि पळण्याने स्नायूवर ताण येऊन झिरपलेलं ट्रोपोनिन आणि सूज येऊन झिरपलेलं ट्रोपोनिन, आकडा सारखा असला तरी गोष्ट एकच आहे का? मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

राइनकाठ, मंगळवार दुपारी १:१०

एकच नाही. ट्रोपोनिन फक्त एवढंच सांगतं की पेशीतून काहीतरी बाहेर आलंय, का आलंय ते सांगत नाही. आणि निवडीचा मुद्दा मला पटतो. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात जास्त नुकसान त्या २२ जणांच्या ट्रोपोनिनने नाही, तर "असं काही होतच नाही" या वाक्याने केलंय.

बाकीचे अभ्यास पण ठेवतो इथे, म्हणजे एकट्या बासेलवर भार नको. इस्रायलमध्ये हॉस्पिटलच्या ३२४ कर्मचाऱ्यांना फायझरचा चौथा डोस देऊन असंच तपासलं, तिथे लसीशी जोडता येणारी इजा दोघांत, ०.६२ टक्के, एकाला सौम्य लक्षणं, एकाला काहीच नाही. फायझरच्या डोसमध्ये ३० मायक्रोग्रॅम एमआरएनए असतं, मॉडर्नाच्या बूस्टरमध्ये ५०, आणि मॉडर्नाच्या पहिल्या दोन डोसमध्ये तर १००. बँकॉकमध्ये १३ ते १८ वयाच्या ३०१ शाळकरी मुलामुलींना फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर तपासलं, सातजणांच्या हृदयाच्या तपासण्यांत काहीतरी सापडलं, सातही मुलगे, सगळे बरे झाले.

आता इथे एक गाठ आहे आणि ती सुटलेली नाहीये. शांतपणे ट्रोपोनिन वाढलं ते बासेलला बायकांमध्ये. पण प्रत्यक्ष मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज येऊन, छातीत दुखून हॉस्पिटलात जावं लागणं, ते सगळीकडे तरुण मुलांमध्ये. अमेरिकेच्या नोंदीत १६-१७ वर्षांच्या मुलांमध्ये फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांत साधारण १०६. इंग्लंडमध्ये ४० च्या आतल्या पुरुषांत मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांत ९७ जास्तीच्या केसेस, त्याच गटात कोविड झाल्यावर १६. एकूण लोकसंख्येत मात्र कोविडनेच हृदयाला जास्त त्रास दिला, तेही त्याच इंग्लंडच्या अभ्यासात आहे. दोन्ही वाक्यं एकत्र लिहावी लागतात, एकच लिहिलं की फॉरवर्ड तयार होतो, ह्या बाजूचा नाहीतर त्या बाजूचा.

आई_टोरांटो, मंगळवार रात्री ८:२५

इथे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

दहा लाखांत ९७ वाचताना सोपं वाटतं. माझा मुलगा त्यातला एक आहे. २०२१ चा जुलै, तेव्हा तो १९ चा. पहिला डोस फायझर, दुसरा मॉडर्ना, इथे तेव्हा मिळेल ती घ्या असंच चाललं होतं आणि आम्ही आनंदाने घेतली, कारण भारतातून रोज कुणी ना कुणी गेल्याच्या बातम्या येत होत्या, माझा सख्खा मामा एप्रिलमध्ये गेला होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला दार वाजवलं. म्हणाला आई आडवं झालं की छातीत दुखतंय, वाकून बसलं की बरं वाटतं. मला हे वाक्य अजून झोपेत ऐकू येतं. पहिल्यांदा जिथे गेलो तिथे ॲसिडिटी आणि टेन्शन म्हणून परत पाठवलं, एवढ्या तरुण मुलाला काय होणार म्हणाले. संध्याकाळी दुसरीकडे गेलो, तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, लस कधी घेतली? ट्रोपोनिन चारआकडी निघालं. चार दिवस मॉनिटरवर. मी रात्रभर त्या हिरव्या रेघेकडे बघत बसायचे आणि ती जरा वेगळी हलली की नर्सला हाक मारायचे.

आज तो २३ चा आहे, बरा आहे. सहा महिने फुटबॉल बंद होता. पहिल्या एमआरआयमध्ये पांढरा डाग होता, वर्षाने केला तेव्हा लहान झालेला पण पूर्ण गेलेला नाही. डॉक्टर म्हणाल्या हृदय व्यवस्थित चालतंय, डागाचं पुढे काय होतं ते आम्ही पण शिकतोय. मला त्यांचं हेच वाक्य सगळ्यात जास्त धीर देऊन गेलं.

मी लसीच्या विरोधात नाही, माझ्या मामाला मिळाली असती तर तो असता. पण आमच्या मित्रमंडळींत मी हे सांगितलं तर अर्ध्यांनी विषय बदलला आणि उरलेल्यांनी मला आपल्या बाजूचा पुरावा करून टाकलं. दोन्हीचा त्रास झाला.

लॅबवाली_नाशिक, मंगळवार रात्री ८:४०

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. मुलाला खूप आशीर्वाद.

राइनकाठ, मंगळवार रात्री ९:१५

@आई_टोरांटो, काय लिहू कळत नाहीये. डागाबद्दल एक सांगतो, अमेरिकेत लसीनंतर मायोकार्डायटिस झालेल्या ३३३ तरुण पेशंटचा पाठपुरावा केलाय, सुरुवातीला ८२ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये असा डाग होता, नंतर ज्यांचा परत केला त्यांच्यात ६० टक्क्यांना अजून दिसत होता पण फिकट, आणि कुणाचा मृत्यू नाही, कुणाचं हृदय बदलावं लागलं नाही. तुमच्या मुलाचं चित्र त्या बहुसंख्यांसारखंच आहे.

आणि तुमच्याच ऑन्टारिओ प्रांताच्या नोंदींतून कळलं, की दोन डोसमध्ये अंतर कमी ठेवलं तर धोका जास्त, वाढवलं तर कमी. सप्टेंबर २०२१ अखेर तिथे १८ ते २४ वाल्यांना फायझरच घ्या असं सांगायला लागले, ऑक्टोबरमध्ये स्वीडनने ३० आणि आतल्यांना मॉडर्ना थांबवली. म्हणजे जिथे उघडपणे मोजलं तिथे नियम बदलले. तुमच्या मुलासाठी दोन-तीन महिने उशीर झाला, हे वाईटच.

प्रश्नचिन्ह, मंगळवार रात्री ९:५०

@आई_टोरांटो, मुलाला उदंड आयुष्य. मी वर तावातावाने लिहिलं, पण तुमचं वाचून थांबलो.

एक शंका उरते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सर्क्युलेशन या जर्नलमध्येच आलेला एक सारांश माझ्याकडे सेव्ह आहे, ५६६ पेशंट, एमआरएनए लसीनंतर पुढच्या पाच वर्षांतला हार्टचा धोका ११ टक्क्यांवरून २५ वर गेला म्हणून. हे काय मग?

राइनकाठ, बुधवार सकाळी ७:३०

तो ट्रोपोनिनचा नव्हे, सूज दाखवणाऱ्या काही प्रोटीन्सवरून एक स्कोअर काढायची खासगी टेस्ट होती. एका डॉक्टरच्या स्वतःच्या दवाखान्यातले पेशंट, लस न घेतलेला तुलनेचा गटच नाही, फरकाची संख्याशास्त्रीय तपासणी नाही. असोसिएशननेच त्याच महिन्यात त्यावर काळजी व्यक्त करणारी सूचना लावली. लसीनंतर काही आठवडे सुजेची प्रोटीन्स वर जाणं साहजिक आहे, लसीचं कामच प्रतिकारशक्तीला जागं करायचं, पण त्यावरून पाच वर्षांचं भविष्य सांगता येत नाही. बासेलचा पेपर मी मानतो आणि हा मानत नाही, तो निष्कर्ष आवडला-नावडला म्हणून नाही, बासेलवाल्यांनी तुलनेचा गट घेतला, आपली पद्धत उघडी मांडली, म्हणून.

हिंजवडीकर, बुधवार सकाळी १०:०५

अवांतर होतंय पण राहवत नाही. भारताचा एमआरएनएशी संबंधच नाही असं नाही हं, पुण्याच्या जिनोव्हाने जेमकोव्हॅक केली, जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी, पुढच्या जूनमध्ये ओमायक्रॉनची. साध्या फ्रीजच्या तापमानाला टिकणारी. घेतली फार थोड्यांनी, तोवर लोकांना कोविडचा विसर पडला होता. माझ्या मनात सारखं येतं, इथेच बनली, इथेच दिली, तर इथेच तिसऱ्या दिवशीचं ट्रोपोनिन पण सरसकट मोजायला हवं.

आणि तरुणांच्या अचानक मृत्यूंचं जे चालतं त्याबद्दल आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) ४७ हॉस्पिटलांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ केसेस तपासल्या होत्या. लस घेतल्याने धोका वाढलेला दिसला नाही. घरात कुणी अचानक गेलेलं असणं, कोविडसाठी ॲडमिट झालेलं असणं, आदल्या दोन दिवसांत बेदम दारू किंवा अंग मोडेस्तोवर व्यायाम, ही कारणं पुढे आली. त्या लसी आपल्याकडच्या होत्या हेही लक्षात ठेवा.

सकाळची_धाव, बुधवार सकाळी १०:४०

व्यायामाचं वाचून गप्प झालो. लस घेतल्यावर किती दिवस पळू नये?

लॅबवाली_नाशिक, बुधवार दुपारी २:१५

बासेलला ज्यांचं वाढलेलं आलं त्यांना जोराचा व्यायाम टाळा म्हणून सांगितलं होतं. मी माझ्या भाच्याला, तो जर्मनीत शिकतो, बूस्टर घेतला तेव्हा आठवडाभर जिम बंद ठेवायला लावली. आणि छातीत दुखलं, धाप लागली, धडधडलं तर आम्हाला फोन नको, सरळ कॅज्युअल्टीत जा आणि लस कधी घेतली ते आधी सांग, हे त्याच्याकडून वदवून घेतलं.

@राइनकाठ, मावशींचं काय ठरलं पॅकेजचं? पैसे भरले नसतील तर भरू देऊ नका. पाच वर्षांपूर्वीच्या कोविशील्डचा परिणाम आजच्या ट्रोपोनिनमध्ये दिसणार नाही. त्या लसीचा दुर्मिळ त्रास म्हणजे प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या, तो डोसनंतरच्या काही आठवड्यांतला.

राइनकाठ, बुधवार रात्री १०:२०

आत्ताच बोललो मावशीशी. आधी तिला फोनमधलं लसीचं सर्टिफिकेट उघडायला लावलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. "को-वि-शी-ल्ड, दोन्ही वेळा तेच लिहिलंय," म्हणाली. मग मी सगळं सांगितलं, तिसरा दिवस, मॉडर्ना, बायका जास्त होत्या ते पण. शांतपणे ऐकलं. पॅकेज रद्द करते म्हणाली.

आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मग मला जिन्यात धाप का लागते रे?"

मी विचारलं कधीपासून. तीन-चार आठवडे. पूर्वी दुसऱ्या मजल्यापर्यंत पिशवी घेऊन चढायची, आता पहिल्याच मजल्यावर कठडा धरून उभी राहते, रात्री दोन उशा लागतात आणि संध्याकाळी पायात चपलेचा पट्टा रुततो. कुणाला सांगितलं नव्हतं, काकांनाही नाही. मेसेज आला तेव्हा तिला वाटलं आपल्याला उत्तर सापडलं.

मामेभावाला लगेच फोन केला. उद्या सकाळी साडेनऊला फिजिशियनकडे नेतोय, ईसीजी आणि टूडी इको तिथेच होईल.

लॅबवाली_नाशिक, बुधवार रात्री १०:३१

दोन उशा आणि पायाला सूज हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायला सांगा. एनटी प्रोबीएनपी ही रक्ताची टेस्ट करायची का विचारा, हृदयावर ताण आहे का ते त्यात कळतं, ट्रोपोनिनपेक्षा त्यांच्यासाठी तेच कामाचं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत न्या. आणि रात्रीत झोपून धाप वाढली तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.

आई_टोरांटो, बुधवार रात्री १०:४४

उद्या इको झालं की इथे लिहा. मी जागी असेन.